देवघेवीच्या वह्या रद्दीत घालू नका : आमच्या महाविद्यालयाच्या व्यवस्थापन मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य,
महाविद्यालय व्यवस्थापन मंडळ.

विषय : ग्रंथालयातील जुन्या देवघेव वह्या वजनावर विकण्याचा ठराव मागे घेण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. महाविद्यालयाचं आणि गावाचं नाव या पत्रात लिहिलेलं नाही. आपल्याला ते कळेलच, इतरांना कळायची गरज नाही. पत्र उघड लिहावं लागतंय, कारण बंद पाकिटातली दोन पत्रं मी आधी देऊन झाली. दोन्हींवर आवक क्रमांक पडला, उत्तर एकालाही आलं नाही.

मागच्या महिन्यातल्या ठरावाप्रमाणे ग्रंथालयामागच्या खोलीतलं ‘जुनं, जीर्ण व निरुपयोगी दप्तर’ निर्लेखित करून, म्हणजे नोंदीतून कमी करून, विकायचं आणि तिथे मुलांसाठी ई-अध्ययन कक्ष करायचा आहे. कक्ष जरूर करा. २९ वर्षं मी त्या ग्रंथालयात काढली, आधी देवघेवीच्या काउंटरवर आणि शेवटची ११ वर्षं ग्रंथपाल म्हणून. परीक्षेच्या दिवसांत मुलं जिन्यावर बसून अभ्यास करतात ते मी रोज पाहिलंय. त्या खोलीतल्या वीजबिलांच्या फायली, जुन्या निविदा, मोडक्या खुर्च्यांच्या याद्या खुशाल विका. पण तिथेच, खिडकीखालच्या लोखंडी रॅकवर, ४३ देवघेव वह्या आहेत. प्राध्यापकांनी कोणतं पुस्तक कधी नेलं आणि कधी परत केलं, त्याच्या वह्या. त्यांना किलोला १४ रुपये भाव आलाय असं कळलं.

ज्यांनी त्या उघडलेल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. लांबट, कापडी पाठीच्या, आडव्या रेघांच्या वह्या. विद्यार्थ्यांचं काम तिकिटांवर चालायचं. तिकीट फाटलं की संपलं, त्याची काही खूण उरत नसे. प्राध्यापकांना मात्र नावानिशी पानं दिलेली असत. दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, नेल्याची तारीख, सही, आणि शेवटचा रकाना ‘परत’. तो रकाना बराच काळ कोरा राहायचा, हे इथे कबूल करायला हरकत नाही. आमच्याकडे काही सरांची पुस्तकं थेट सेवानिवृत्तीच्या ना-देय दाखल्याच्या दिवशी रिक्षातून परत आलेली आहेत.

आता ‘निरुपयोगी’ या शब्दाबद्दल.

स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज, ग्लासगो, एडिंबरा ही जुनी विद्यापीठं आहेत. अठराव्या शतकात तिथल्या ग्रंथालयांत नेमक्या अशाच वह्या होत्या. सेंट अँड्र्यूजला त्यांना ‘रिसीट बुक’ म्हणत, कारण नेणारा स्वतःच्या हाताने पुस्तकाचं नाव लिहून खाली सही करायचा. पावतीच ती. पुस्तक परत आलं की त्या ओळीवर काट मारायची. एवढाच हिशेब. त्या वह्या लिहिणाऱ्या कोणालाही आपण इतिहास लिहितोय असं वाटलेलं नव्हतं. पुस्तक बुडू नये, एवढीच त्यांची काळजी. काट मारलेल्या ओळीला ग्रंथालयाच्या दृष्टीने काहीच किंमत उरत नाही. तरी त्या ओळी तिथे आहेत. दोनशे-अडीचशे वर्षं कोणीतरी त्या टाकल्या नाहीत.

२०२० ते २०२३ या काळात स्टर्लिंग आणि ग्लासगो या दोन विद्यापीठांच्या अभ्यासकांनी स्कॉटलंडमधल्या १८ ग्रंथालयांच्या १७५० ते १८३० दरम्यानच्या वह्या उतरवून काढल्या. दीड लाखाच्या आसपास नोंदी. त्या आज कोणालाही फुकट पाहता येतात. मी आमच्या माजघरात बसून पाहते. त्यात विद्यापीठांच्या बरोबरीने इनरपेफ्रीसारखं खेड्यातलं ग्रंथालयही आहे. तिथली वही १७४७ पासूनची आणि पुस्तकं नेणाऱ्यांत विणकर, चांभार, शिकाऊ कारागीर. प्राध्यापकांच्या पानांवर मात्र मी जास्त रेंगाळते. आयुष्यभर तीच पानं भरली, दुसरं काय होणार!

तिथली एक गोष्ट समजावून सांगण्यासारखी आहे. १७१० च्या कायद्याने ब्रिटनमध्ये नोंदवल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या छापील पुस्तकाची प्रत मिळण्याचा हक्क नऊ ग्रंथालयांना दिला गेला, त्यात स्कॉटलंडची विद्यापीठं होती. त्या विद्यापीठांचा हा हक्क १८३६ पर्यंत टिकला. त्यामुळे धर्मशास्त्र आणि गणित शिकवणाऱ्या त्या गंभीर ग्रंथालयांत कादंबऱ्याही येऊन पडल्या, प्रवासवर्णनं आली आणि छापील गाण्यांचे कागदही आले. पियानोवर वाजवायची, घरी बसून गायची गाणी. सेंट अँड्र्यूजने ते सुटे कागद फेकले नाहीत, एकत्र बांधून त्यांचे खंड केले आणि तेही देवघेवीत ठेवले.

ते नेले कोणी? वहीत नावं प्राध्यापकांची. पण अभ्यासकांनी नोंदी बारकाईने पाहिल्या तेव्हा दिसलं, की संगीताच्या या खंडांतले कितीतरी प्राध्यापकांनी दुसऱ्यांसाठी नेलेले आहेत, आणि त्या दुसऱ्यांमध्ये गावातल्या बायका भरपूर आहेत. कोणाच्या घरची मुलगी, कोणाच्या ओळखीची बाई. त्या विद्यापीठात बायकांना पदवीसाठी प्रवेश मिळायला १८९२ साल उजाडावं लागलं. त्याच्या सत्तर-ऐंशी वर्षं आधीच त्यांनी ग्रंथालय वापरायला सुरुवात केली होती, सरांच्या खात्यावर. आणखी एक गंमत: १८२० च्या दशकात त्या संगीताच्या खंडांची हस्तलिखित सूची केली तीही मिस एलिझाबेथ लॅम्बर्ट नावाच्या एका बाईंनी. विद्यापीठाच्या हजेरीपटात अशा बाया सापडायच्या नाहीत. देवघेवीच्या वहीत सापडतात.

मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. आमच्या घरातही हेच झालेलं आहे.

माझे आजोबा आपल्याच महाविद्यालयात गणित शिकवायचे. आजी व्हर्नाक्युलर फायनल झालेली, नंतर सात बाळंतपणं. मला नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती तेव्हा बाइंडिंगला पाठवायच्या वह्या चाळताना आजोबांचं पान लागलं. सुरुवातीला त्रिकोणमिती, शंकुच्छेद, परत त्रिकोणमिती. मग एका पावसाळ्यापासून कादंबरी. कादंबरी. काशीयात्रेचं वर्णन. कादंबरी. होमिओपॅथी. एका थोर बाईचं चरित्र, तेच चरित्र सहा महिन्यांनी पुन्हा. माझ्या आजोबांनी उभ्या आयुष्यात कादंबरी वाचली नाही. वर्तमानपत्रातही ते फक्त बाजारभाव बघत. सही त्यांची, वाचन आजीचं. ती गेली तेव्हा मी आठवीत होते. तिच्या हातचं एक पत्र आमच्याकडे नाही, फोटो आहे तो लग्नाच्या गर्दीतला. तिला काय आवडायचं, कोणत्या वर्षी तिला औषधांबद्दल वाचावंसं वाटलं, कोणतं पुस्तक तिने दोनदा मागवलं, हे जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे, आणि त्याला आपण १४ रुपये किलो भाव घेतलाय.

एवढ्यावर आपण म्हणाल, बाईंचा वैयक्तिक प्रश्न आहे, ते पान फाडून घेऊन जा. तसं एका सदस्यांनी फोनवर सुचवलंही. म्हणून बाकीचं सांगते.

ज्या वर्षी कोयनेचा भूकंप झाला, ११ डिसेंबर १९६७ ला, त्यानंतरच्या पानांवर पाहा. आपल्याकडे भूगर्भशास्त्राची तेव्हा दोनच पुस्तकं होती. ती दोन पुस्तकं इतिहासाच्या सरांकडून मराठीच्या सरांकडे, तिथून तर्कशास्त्राकडे, तिथून जिमखान्याच्या सरांकडे फिरत राहिली. अख्खा स्टाफ रात्री अंगणात झोपत होता आणि दिवसा पुस्तकात शोधत होता की हे पुन्हा होणार का. १९७२ च्या दुष्काळात अर्थशास्त्राच्या एका सरांच्या नावावर विहिरी आणि जमिनीखालच्या पाण्याची पुस्तकं लागली, ती त्यांनी पुढे कधी सोडलीच नाहीत. हे गॅझेटियरमध्ये नाही, महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तर नाहीच नाही. त्या स्मरणिकेत इमारतींचे फोटो आहेत.

माणसाने काय लिहिलं ते छापलेलं असतं, काय शिकवलं ते अभ्यासक्रमात असतं, काय वाचलं ते कुठेही नसतं. फार झालं तर लोक आठवणींत सांगतात, आणि आठवणीत प्रत्येकजण थोरच पुस्तकं वाचलेला असतो. वही तसं सोडत नाही. चार्ल्स डार्विनचंच घ्या. सोळाव्या वर्षी तो एडिंबराला वैद्यक शिकायला गेला आणि म्हातारपणी आत्मचरित्रात त्याने तिथल्या कंटाळवाण्या व्याख्यानांना मनसोक्त शिव्या घातल्या. हिवाळ्यात सकाळी आठला होणारी औषधशास्त्राची व्याख्यानं आठवली तरी अंगावर काटा येतो, अशा अर्थाचं लिहून ठेवलं. एवढंच वाचलं तर वाटेल पोरगं वाया गेलं होतं. एडिंबराच्या ग्रंथालयाची वही सांगते की १८२५-२६ च्या त्या हिवाळ्यात हा चार्ल्स आणि त्याचा थोरला भाऊ इरॅस्मस, या दोघांइतकी पुस्तकं दुसऱ्या विद्यार्थ्यांनी नेलीच नव्हती.

किंवा गाउस. गणिताचा राजा म्हणतात तो. १७९५ साली तो जर्मनीत ग्योटिंगेन विद्यापीठात दाखल झाला. तिथलं ग्रंथालय पुस्तकं बाहेर द्यायला हात आखडत नसे, आणि नोंदी ठेवण्यात जर्मन मंडळींबद्दल काय सांगावं. गाउसने विद्यार्थिदशेत नेलेल्या पुस्तकांची यादी त्या नोंदींवरून जुळवून त्याच्या चरित्राला जोडलेली आहे. पहिल्या सत्रात त्याने नेलेल्या पुस्तकांत गणितापेक्षा भाषा आणि साहित्यच जास्त! गणित घ्यावं की भाषाशास्त्र, हे त्याचं ठरत नव्हतं. मार्च १७९६ च्या अखेरीस त्याला सतरा बाजूंची सुसम आकृती, म्हणजे सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेली, पट्टी-कंपासने काढता येते हे सापडलं आणि प्रश्न मिटला. त्याचं डळमळणं आज आपल्याला दिसतं ते कोणा कारकुनाच्या नोंदींमुळे. आपल्या गणित विभागातल्या मुलांना ही यादी भिंतीवर लावून दाखवावी असं मला फार वाटायचं. तेही राहिलंच.

याच ग्योटिंगेनशी आपल्या पुण्याचं नातं आहे. फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ पासून डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते. पतंजलीचं महाभाष्य त्यांनी संपादित केलं, आणि १८८२ साली ते ग्योटिंगेनलाच प्राध्यापक म्हणून गेले. त्यांनी, संस्कृतचे दुसरे जर्मन पंडित ब्यूलर यांनी आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी गोळा केलेल्या हस्तलिखितांचा सरकारी संग्रह डेक्कन कॉलेजात होता, तो १९१८ साली भांडारकर संस्थेत आला. त्यातली हस्तलिखितं अभ्यासासाठी युरोपातल्या विद्वानांना धाडली जात. बोटीने जात, बोटीने परत येत. पाचशे वर्षांची ताडपत्रं आणि जुने कागद, दिले आणि परत आले, ते कशाच्या भरवशावर? नोंदीच्या. देवघेव नीट लिहिणं ही आपल्याकडे परकी गोष्ट कधीच नव्हती. रोजकीर्द लिहिणारी माणसं आपण. पेशवे दप्तरात किती शेर तूप खर्ची पडलं तेसुद्धा आहे.

इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव आपल्या प्रत्येक समारंभात घेतलं जातं. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला तो वाईच्या एका वाड्यात पडून असलेल्या कागदांवरून. त्या वाड्यातल्या मंडळींनी ते कागद तोवर बंबात घातले नाहीत, एवढंच त्यांचं कर्तृत्व. आपल्याकडून मी तेवढीच अपेक्षा करतेय.

आता माझ्या तक्रारी, स्पष्ट.

पहिली: वह्या कोणी उघडून पाहिल्या नाहीत. ठरावावर ग्रंथालय समितीचा शेरा नाही, इतिहास विभागाला विचारलेलं नाही. ‘जीर्ण व निरुपयोगी’ हे शब्द जडवस्तू संग्रहाच्या जुन्या ठरावातून जसेच्या तसे उचललेत, तिथे ते पंख्यांबद्दल होते.

दुसरी तक्रार वर्गवारीची आहे. अभिलेखांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी आपण करतो. दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांची यादी, ‘अ’ वर्गात, कायम जतन, कारण ती मालमत्तेची. देवघेव वही ‘ड’ वर्गात, वर्षभराने नष्ट करण्याजोगी. कपाट ‘अ’ आणि कपाटातलं कोणी वाचलं ते ‘ड’! हिशेबतपासनिसाच्या नजरेने हे बरोबर असेल. आपण शिक्षणसंस्था आहोत.

तिसरी: पाच वर्षांपूर्वी पत्र्यातून गळायला लागलं तेव्हा मी लेखी कळवलं होतं. दोन पावसाळे काही झालं नाही. त्यात सहा वह्या भिजून त्यांची पानं चिकटली. मी सुट्टीत पानापानात टिपकागद घालून चार सोडवल्या, दोन गेल्या. ज्याला आज ‘जीर्ण’ म्हटलंय त्यातली काही जीर्णता अशी आपल्या हाताने आलेली आहे.

चौथीला तक्रार म्हणू की उत्तर, ठरत नाही. फोनवर मला सांगितलं गेलं, की कोणी काय वाचलं ही खासगी बाब आहे, म्हणून वह्या नष्ट करणंच बरं. हा मुद्दा पोकळ नाही आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. माणूस काय वाचतो यावर कोणी पाळत ठेवू नये, हे मी काउंटरवरच शिकले. कोण सर कोणत्या आजाराचं पुस्तक नेतात ते मला दिसायचं आणि मी ते घरीसुद्धा बोलले नाही. आजची संगणक प्रणाली पुस्तक परत आलं की नेणाऱ्याचं नाव पुसून टाकण्याची सोय देते, ती वापरावी याच मताची मी आहे. पण त्यामुळेच या वह्यांची किंमत वाढते: यापुढे अशी नोंद पुन्हा होणार नाही. जे आहे ते एवढंच. जिवंत माणसांच्या नोंदी कुलपात राहू द्या, जुन्या उघडा. सेंट अँड्र्यूजच्या प्राध्यापकांची अब्रू दोनशे वर्षांनी गेली नाही, आपल्या सरांचीही जाणार नाही. आणि खासगीपणाची एवढी काळजी आहे तर त्याच वह्या रद्दीवाल्याच्या हातगाडीवर, पुढे भेळेच्या कागदात कशा चालतात?

पाचवी लहान आहे. ठरावात विक्रीतून येणारी रक्कम ‘ग्रंथालय विकासासाठी’ असं लिहिलंय. ४३ वह्यांचं वजन फार तर ७० किलो भरेल. हिशेब आपण करा.

लोक म्हणतात, जुन्या वह्यांचं इतकं काय. अमेरिकेत इंडियाना राज्यात मन्सी नावाचं एक मध्यम गाव आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या १८९१ ते १९०२ या काळातल्या देवघेव वह्या २००३ साली इमारतीचं नूतनीकरण चालू असताना एका प्राध्यापकांच्या नजरेला पडल्या. नूतनीकरण चालू असताना, हे लक्षात घ्या. पावणेदोन लाखांच्या घरात नोंदी होत्या. त्या साध्या गावातली शाळकरी पोरं, कारखान्यातले मजूर, शिंपिणी काय वाचत होत्या, हे आज जगभरचे अभ्यासक पाहतात. जर्मनीतल्या वायमारच्या ग्रंथालयातून महाकवी गटेने नेलेल्या पुस्तकांची यादी तर १९३१ साली पुस्तक म्हणून छापली गेली, २२७६ नोंदींची. आपल्याकडे गटे नव्हता हे मान्य. मन्सीकडेही नव्हता.

माझ्या मागण्या चारच आहेत.

१. ठरावातून देवघेव वह्या वगळाव्यात, आणि निर्णय होईपर्यंत खोलीतून एकही वही बाहेर जाऊ नये. तसा लेखी आदेश कार्यालयात लावावा.

२. वह्या दाखल नोंदवहीप्रमाणेच ‘अ’ वर्गात घ्याव्यात. जागा एका पोलादी कपाटाची लागेल, खोलीची नाही. कपाट मी देते. पावती नको, नावाची पाटीही नको.

३. ७५ वर्षांहून जुन्या वह्यांची छायाचित्रं काढून त्या अभ्यासकांना खुल्या कराव्यात. त्यानंतरच्या वह्या बंद ठेवाव्यात, आणि दरवर्षी एकेका वर्षाच्या नोंदी उघडाव्यात. हे काम इतिहासाच्या आणि ग्रंथालयशास्त्राच्या मुलांकडून करून घेता येईल. मी शिकवायला येईन, मानधनाशिवाय.

४. यापुढे ग्रंथालयातलं कोणतंही दप्तर निर्लेखित करण्याआधी ग्रंथपाल आणि इतिहास विभागप्रमुख यांनी ते उघडून पाहिल्याची सही असावी. उघडून, यादी वाचून नव्हे.

यात खर्चाची बाब जवळपास नाही, त्यामुळे ‘निधी उपलब्ध नाही’ हा शेरा कृपया यावर मारू नये.

अजून एक सांगते आणि थांबते. २४ जानेवारी १७६४ च्या रात्री अमेरिकेत हार्वर्ड हॉलला आग लागली आणि कॉलेजचं जवळजवळ सगळं ग्रंथालय, पाचेक हजार पुस्तकं, सकाळपर्यंत राख झालं. वाचली चारशेच्या आसपास. त्यातली काही नुकती आलेली, अजून मांडायची राहिलेली होती, आणि बाकीची कोणी ना कोणी घरी नेलेली होती. पुस्तकं उशिरा परत करणाऱ्या सरांवर मी आयुष्यभर करवादले, त्यांच्यासाठी ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतेय.

येत्या मंगळवारी सकाळी ११ वाजता मी प्राचार्यांच्या कार्यालयात येईन. शक्य असेल तर एखाद्या सदस्यांनी माझ्याबरोबर त्या खोलीत यावं. कोयनेच्या वर्षाची वही वरून तिसऱ्या फळीवर डावीकडे आहे. तिच्या पाठीवरचं कापड निघालेलं आहे, जपून काढावी लागते.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल

ता. क. न्यूयॉर्कच्या एका जुन्या ग्रंथालयातून ५ ऑक्टोबर १७८९ ला जॉर्ज वॉशिंग्टन यांनी राष्ट्रांच्या कायद्यावरचं एक पुस्तक नेलं होतं, ते परत केल्याची नोंद नाही. २०१० साली, २२१ वर्षांनी, त्यांच्या घराचं स्मारक सांभाळणाऱ्या मंडळींनी त्याच पुस्तकाची दुसरी प्रत आणून दिली. आजोबांच्या पानावरही एक ‘परत’चा रकाना कोरा आहे. काशीयात्रेचं ते प्रवासवर्णन मागच्या दिवाळीत आमच्या माळ्यावर आजीच्या ट्रंकेत सापडलं, आपल्या शिक्क्यासकट. मंगळवारी सोबत आणतेय. दंड सांगाल तो भरेन. पण जमा करून घेण्यासाठी आपल्याला ती वही लागेल.